बोअरच्या गाडीवरचे हात

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

चैत्र संपत आला की आमच्या चौकच्या आसपास बोअरच्या गाड्या दिसू लागतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने एकामागे एक दोन गाड्या येतात. पुढची आपल्या पाठीवर आडवा मनोरा घेऊन येते, मागची कंप्रेसर आणि पाइपांनी लादलेली असते. पाइपांवर चार-पाच पोरे बसलेली असतात. इर्शाळगडाच्या सुळक्याकडे नाहीतर कर्जतच्या रस्त्याला त्या वळतात, आणि रात्री कुठूनतरी धडधड ऐकू येऊ लागते. घरात कोणीतरी म्हणते, “कुणाकडे तरी बोअर मारतायत.” एवढे म्हणून आपण कूस बदलतो. मीही बदलत असे. २०२४ च्या मे महिन्यापर्यंत त्या धडधडीखाली कोणाचे हात असतात याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

त्या महिन्यात माझ्या चुलतभावाच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे वरचे पेर गेले. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. पुढेही तसेच म्हणेन. त्या अपघाताची करुण कहाणी सांगावी असा माझा हेतू नाही. पण तो का झाला, कसा झाला आणि त्याची किंमत कोणी मोजायची, याचा शोध घेता घेता मला जे कळले ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरचा कोणी ना कोणी सुट्टीत अशा कामावर जातो, म्हणूनही.

आधी, इथे बोअर लागतेच कशाला, हा प्रश्न. खालापूर-कर्जत हा मुसळधार पावसाचा मुलूख. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तरीही फाल्गुन-चैत्रात वाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चालताना दिसतात. भूगोलाच्या सरांनी वर्गात सांगितलेले कारण इथे डोळ्यांना दिसते. आपल्या पायाखाली लाव्हाचे थरावर थर साचून झालेला काळा पाषाण आहे. तो स्वतः पाणी धरत नाही. पाणी साठते ते त्याच्या भेगांत, दोन थरांमधल्या मुरमाड पट्ट्यात, मांजऱ्या खडकात. डोंगरउतारावरचा पाऊस नदीला जातो आणि नदी समुद्राला. चौकजवळच मोरबे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. मग उरलेल्यांनी भेग शोधायची. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की खूण करतो, आणि गाडीला फोन जातो.

ही गाडी महाराष्ट्रात रुजली ती मुख्यतः १९७२ च्या दुष्काळापासून. त्याआधी साठीच्या दशकात जालन्याच्या मिशनने खडकात बोअर घेण्याचे काम चालू केले होते. १९६७ च्या बिहार-उत्तर प्रदेशच्या दुष्काळात युनिसेफने वेगवान ड्रिल यंत्रे भारतात आणली. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनांच्या कार्यशाळांत भक्कम पोलादी हातपंप तयार झाले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा सर्वांच्या परिचयाचा पंप निघाला. त्या हातपंपाने लाखो घागरी भरल्या, याविषयी वाद नाही. त्यानंतर विजेचे पंप आले, आमच्या भागात फार्महाऊसे आली, आणि बोअर ही सरकारी योजनेपेक्षा बाजारातली वस्तू झाली. दर फुटावर ठरतो. जितके फूट तितके पैसे, आणि जितकी घाई तितके फूट. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथेच थांबून विचार करावासा वाटतो, पण आपण गाडीकडे जाऊ.

बोअर कशी मारतात? पाइपाच्या टोकाला हॅमर असतो, हॅमरच्या तोंडाला कठीण धातूच्या गुंड्या बसवलेला बिट. कंप्रेसरची हवा पाइपातून खाली जाते, हॅमरचा दट्ट्या मिनिटाला शेकडो वेळा आपटते आणि दगडाचा चुरा करून तोच वर फेकते. पाइप वरून सावकाश फिरत राहतो. एक पाइप साधारण वीस फुटांचा. तो जमिनीत गेला की यंत्र थांबवायचे, वरचे फिरते डोके सोडवायचे, दुसरा पाइप दोराने उचलून उभा करायचा, त्याचे खालचे आटे आधीच्या पाइपाच्या तोंडात बसवायचे, वरचे डोक्यात बसवायचे, आणि पुन्हा हवा सोडायची.

तीनशे फुटांची बोअर म्हणजे पंधरा पाइप. पण ते नुसते खाली जात नाहीत, काम झाल्यावर सगळे वरही काढावे लागतात. म्हणजे तीसदा पाइप हाताळायचा, आणि दर वेळी दोन सांधे, एक खालचा, एक वरचा. एका बोअरमध्ये साठ वेळा कोणाचा तरी हात आट्यांच्या जवळ जातो. एका रात्रीत दोन बोअर झाल्या तर एकशेवीस वेळा. दादाच्या त्या रात्री दुसरी बोअर चालू होती आणि ती साडेचारशे फुटांवर गेली तरी कोरडी होती.

आता पाइपाचे वजन. मी ते कोणाला विचारले नाही. आपण सर्वांनी शाळेत केलेल्या हिशेबाने ते निघते. पाइपाचा बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटर आणि जाडी ६ मिलिमीटर धरा. म्हणजे मधला व्यास १०.८ सेंटिमीटर आणि त्याचा परीघ सुमारे ३३.९ सेंटिमीटर. त्याला ०.६ ने गुणले की कापलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ २०.३ चौरस सेंटिमीटर येते. लांबी ६१० सेंटिमीटर. पोलादाची घनता ७.८५. सारे गुणले तर सत्त्याण्णव किलो. टोकांच्या जाड आट्यांचे धरून शंभराच्या पुढे. हा झाला एक पाइप.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली जास्तीत जास्त किती ओझे माणसाने वाहावे याविषयी एक करार आणि त्यासोबत शिफारस केली. प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा त्या शिफारशीत ५५ किलो आहे. कोणी म्हणेल, शंभर किलोचा पाइप दोघे उचलतात, म्हणजे प्रत्येकी पन्नास. मर्यादा पाळली गेलीच की! कागदावर पाळली गेली. पण शेताचा बांध ओलांडताना, रात्री, चिखलात, पुढच्याचा पाय घसरला तर मागच्याच्या वाट्याला अर्धा पाइप येत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली उचलण्याचे सूत्र मांडले, त्यात अगदी आदर्श परिस्थितीतही, म्हणजे ओझे अंगालगत, पकड चांगली, पाठ न वळवता, २३ किलो हीच वरची पायरी धरली आहे.

पाठीचे असे का होते ते समजून घेण्याजोगे आहे. आपण वाकून हात पुढे करून काही उचलतो तेव्हा पाठीचा खालचा मणका हा टेकू होतो. ओझे त्या टेकूपासून अर्धा मीटर पुढे, आणि त्याला तोलणारे पाठीचे स्नायू टेकूच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर. तराजूचा एक दांडा दुसऱ्याच्या दहापट लांब. हातात वीस किलो असले तर स्नायूंना दोनशे किलोंच्या ओढीने मागे खेचावे लागते, आणि हे दोन्ही भार त्या मणक्यांमधल्या मऊ चकतीवर पडतात. त्यात वळून उचलले तर चकती पिळली जाते. हमाल ओझे पाठीवर किंवा डोक्यावर घेतो, पुढे धरत नाही. हे यंत्रशास्त्र त्याला कोणी शिकवलेले नसते. पाइपाचे दुर्दैव असे की तो अंगालगत घेताच येत नाही. वीस फूट लांब, गोल, ग्रीस लागलेला, त्याला कान नाहीत, कडी नाही.

पण पाठ हळूहळू जाते. बोटे क्षणात जातात.

दोराने लटकलेला पाइप डोलत असतो. त्याचा वेग आपल्या सावकाश चालण्याएवढा, सेकंदाला एक मीटर म्हणा. पोराला वाटते, एवढे हळू येते आहे, हाताने थोपवू. शंभर किलोची ती वस्तू एखाद्या बोटाने दुसऱ्या लोखंडावर थोपवली, आणि बोट चेपता चेपता ती एका सेंटिमीटरात थांबली, तर बोटावरचा दाब निघतो पाचशे किलोंच्या आसपास. पदार्थविज्ञानाच्या एका मित्राकडून मी हा हिशेब दोनदा तपासून घेतला. हळू येणारे लोखंड हलके नसते, एवढेच त्याचे म्हणणे.

दुसरी जागा आट्यांची. वरच्या पाइपाचे टोक खालच्याच्या तोंडात बसवायला हेल्पर ते दोन्ही हातांनी धरून नेमके वर आणतो. वरून यंत्र चालवणारा ते खाली सोडतो. सोडण्याची वेळ चुकली की टोक आणि तोंड यांच्यामध्ये जे असेल ते कापले जाते. तिसरी जागा पान्याची. घट्ट बसलेला सांधा सोडवताना पाना लावून यंत्राने उलटा फिरवतात. पाना निसटला तर त्याचा दांडा गुडघ्यावर नाहीतर जबड्यावर बसतो. चौथी, पाइप रचून ठेवलेली गाडी. ओळीतला एक काढला की वरचे घरंगळतात. याखेरीज मनोरा उभा करताना वरून जाणारी विजेची तार. ती बोटे घेत नाही, माणूस घेते. आणि फिरता पाइप: मनगटातला कडा, गंडा, सैल बाही, गळ्यातला गमछा, काहीही त्याने धरले की सोडत नाही. हातमोज्यांचेही तसेच. खरचटण्यापासून ते वाचवतात, पण मोठ्या मापाचा लोंबता मोजा फिरत्या पाइपाजवळ नेणे म्हणजे त्याच्या हाती आपला हात देणे. “मोजे घातले नव्हते म्हणून झाले,” असे मागाहून सांगितले जाते. ते नेहमी खरे असतेच असे नाही.

दादाचे झाले ते आट्यांच्या जागी. कंप्रेसर चालू असताना तिथे शेजारच्या माणसाचे ओरडणेही ऐकू येत नाही, म्हणून सगळा व्यवहार खुणांवर. दिवसा हाताची मूठ, रात्री बॅटरी. यंत्र चालवणारा दक्षिणेकडचा, हेल्परांपैकी दोघे छत्तीसगडचे, एक आमचा दादा. चौघांना मिळून एक भाषा नव्हती. होती ती खूण. बॅटरी एकदा लावली तर थांब, दोनदा लावली तर सोड. त्या रात्री बॅटरी धरणारा पोरगा दिवसभराचा थकलेला. त्याने एकदा लावली, बटण सैल होते, ती आपोआप विझून पुन्हा लागली. वरच्याने ‘सोड’ असे वाचले. दोष कोणाचा? बॅटरीचा, असे दादा अजूनही म्हणतो. मला तसे वाटत नाही. ज्या कामात माणसाचे बोट एका बटणावर अवलंबून राहते ते काम लावणाऱ्याने ते बटण आधी तपासले पाहिजे होते.

त्यानंतरची धावपळ मी पाहिली आहे. बोटाचा तुकडा मोज्यात राहिला होता. कोणीतरी चांगल्या भावनेने तो बर्फाच्या खड्यांत घातला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो गोठून निरुपयोगी झाला. ही एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी म्हणून मुद्दाम लिहितो. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बांधावी, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकड्याला बर्फ थेट लागता कामा नये. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा. हातात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी. तुटलेले बोट जोडणारे शल्यचिकित्सक मुंबई-पुण्याला आहेत, आणि थंड ठेवलेल्या बोटाला काही तासांची सवड असते. पेराच्या टोकाचा तुकडा जोडणे सर्वांत अवघड, हेही खरे. दादाचे जुळलेच असते असे मी म्हणत नाही.

आमच्या वर्गमित्राचे वडील तेलाच्या कामावरून निवृत्त होऊन पनवेलला राहतात. त्यांना भेटायला गेलो. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायला तेल शोधले तो इतिहास आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, पण समुद्रातल्या त्या तळावरही काम शेवटी हेच, पाइपाला पाइप जोडणे. फक्त पाइप मोठे. तीस फुटांचा एक, वजन सुमारे तीनशे किलो. बिटाच्या वर भार द्यायला जे जाड नळ लावतात त्यांतला एकेक दोन टनांपर्यंत. दोन हजार मीटर खोल विहिरीत दोनशेवीस पाइप उतरतात, आणि बिट झिजला की सगळे बाहेर काढून पुन्हा आत. काकांनी एका जुन्या पद्धतीचे वर्णन केले ते ऐकून अंगावर काटा आला. पाइप चटकन फिरवून आटे बसवण्यासाठी त्याला साखळीचे वेढे देत, आणि यंत्राने साखळीचे एक टोक ओढले की पाइप गरगर फिरे. साखळीचे दुसरे टोक हातात. वेढ्यात बोट आले की गेले. जगभर तेलाच्या कामावरील जुन्या माणसांची बोटे मोजली तर नऊ किंवा आठ भरत, असे ते हसत म्हणाले. स्वतःचा डावा हात मात्र त्यांनी मांडीवर उताणा ठेवला नव्हता.

पुढे ती साखळी बहुतेक ठिकाणी गेली. तिच्या जागी पाइप धरून फिरवणारे यंत्र आले, माणूस चार पावले मागे सरला. हे का झाले? दयेने झाले असे मला वाटत नाही. तेलाच्या कामावर एक तास काम बंद पडले तर मोठी रक्कम बुडते, आणि अपघात काम बंद पाडतो. शिवाय आपल्याकडे कायद्याने तेलविहीर ही ‘खाण’ ठरली. १९५२ च्या खाण कायद्याखाली तेलखाणींसाठी १९८४ साली स्वतंत्र नियमावली झाली, २०१७ साली नवी आली. तिथे निरीक्षक येतो, अपघात कळवावा लागतो, नोंद राहते. आमची पाण्याची बोअर खाण नाही. तिला कारखान्यासारखे छप्पर नाही, फाटक नाही, हजेरीचे पुस्तक नाही. निरीक्षकाला कळेपर्यंत गाडी दुसऱ्या तालुक्यात. २००९ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने गाडीमालकांची नोंदणी आणली, पण तो कायदा पाण्याच्या रक्षणासाठी आहे. उघड्या बोअरमध्ये लहान मुले पडू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मार्गदर्शक सूचना दिल्या. ते योग्यच झाले. बोटांची बातमी मात्र होत नाही. बोट लहान असते.

मग दादाला कायद्यात काहीच नाही का? मीही तसेच समजत होतो. त्याच्या मालकाने, म्हणजे ज्याच्या गाडीवर तो होता त्याने, दवाखान्याचे बिल भरले, वर दहा हजार रुपये दिले, आणि ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ अशा कागदावर सही घेतली. सही डाव्या हाताची. घरात काकू म्हणाल्या, “दिले हेच खूप. दुसऱ्याने तेही दिले नसते.” विषय संपला.

तो पुन्हा निघाला तो श्रमाच्या अर्थशास्त्राच्या तासाला. मॅडम १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याविषयी सांगत होत्या. (२००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो तिच्यात विलीन झाला. दादाचा अपघात त्याआधीचा, म्हणून मी जुन्याच कायद्याविषयी लिहितो.) कायद्याला दोन परिशिष्टे महत्त्वाची. एकात कोणकोणती कामे करणारे कर्मचारी समजायचे त्यांची यादी आहे, आणि तीत उघडी विहीर, बोअर विहीर इत्यादी बांधणे, खणणे, खोल करणे हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. मी ती ओळ ग्रंथालयात दोनदा वाचली.

दुसऱ्या परिशिष्टात शरीराचा दर आहे. शब्द कठोर वाटेल, पण दुसरा सुचत नाही. कोणता अवयव गेला म्हणजे कमावण्याची शक्ती शेकडा किती घटली असे धरायचे, ते त्यात छापलेले आहे. अंगठा गेला तर ३०. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९, हाड न जाता नुसते टोक गेले तर ५. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. पहिल्यांदा वाचताना शिसारी येते. नंतर लक्षात येते की हा तक्ता नसता तर प्रत्येक हेल्परला प्रत्येक मालकासमोर आपल्या बोटाची घासाघीस करावी लागली असती, आणि ती कशी होते हे आम्ही पाहिलेच होते.

आता रक्कम. पूर्ण अपंगत्व आले असे समजून मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, आणि त्यातले जितके टक्के घट तितके द्यायचे. पंचवीस वर्षांच्या माणसाचा गुणक २१६.९१. दादाचे वय पंचवीस, महिन्याची मिळकत बारा हजार. साठ टक्के म्हणजे ७,२००. गुणाकार १५,६१,७५२. त्याचे नऊ टक्के, रुपये १,४०,५५७. मिळाले होते दहा हजार.

आणि त्या सहीचे काय? नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्याच कायद्याने शून्यवत ठरवला आहे. रकमेविषयी समेट करायचा तर तो आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. स्टॅम्प पेपर असला म्हणून भागत नाही. मालक परमुलखातला असला तरी अर्जदार आपण राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडे अर्ज करू शकतो. देय झाल्यापासून महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केली तर दंडही. अर्जाची मुदत दोन वर्षे. मी हे वाचले तेव्हा जानेवारी २०२६ चालू होता.

या तक्त्यात एक गोष्ट नाही. दादा आमच्या आळीच्या भजनात पखवाज वाजवतो. आता तर्जनीचे काम त्याने मधल्या बोटावर घेतले आहे. जलद बोल चुकतात, तो हसतो आणि लय कमी करतो. कमावण्याच्या शक्तीत ते धरत नाहीत. धरावे असे माझे म्हणणे नाही. ते मोजायचे कसे, हे मला तरी माहीत नाही.

गाड्यांवर काही सुधारणा दिसतात, तेही सांगितले पाहिजे. काही नव्या यंत्रांवर पाइप धरणारे हायड्रॉलिक जबडे असतात, माणूस आट्यांना हात लावत नाही. जुन्या गाडीवरही थोड्या खर्चात पुष्कळ करता येईल. लटकत्या पाइपाला हाताऐवजी दोरीने वळवावे. खूण देणारा एकच माणूस नेमावा आणि बॅटरीऐवजी गाडीला पक्का दिवा लावावा. बोट सापडण्याच्या जागा पिवळ्या रंगाने रंगवाव्यात. एका रात्रीत दुसरी बोअर घेऊ नये, ही सूचना मी एका एजंटापुढे केली तेव्हा तो मोठ्याने हसला. दर फुटावर असतो हे मी विसरलो होतो.

आणखी एक काम आपल्याकडची मुले सर्रास करतात, बोअरमधला पंप वर काढण्याचे. ते निरुपद्रवी वाटते. पण तीनशे फुटांवर सव्वा इंची लोखंडी पाइपावर लटकलेला पंप घ्या. पाइपांचे वजन पावणेतीनशे किलोंच्या पुढे. खाली झडप असल्यामुळे आतले पाणी उतरत नाही, त्याचे आणखी नव्वद किलो. वर पंप आणि केबल. एकूण चारशे किलो एका क्लॅम्पवर. क्लॅम्पचा नट अर्धा बसला असेल तर पाइप सरकतो, आणि तो धरण्यासाठी हात आपोआप पुढे जातो. धरू नये. पंप गेला तर गळ टाकून काढता येतो. आता पुष्कळ ठिकाणी काळे प्लॅस्टिकचे पाइप वापरतात, ते हलके. ज्यांच्याकडे अजून लोखंडी आहेत त्यांनी चेन पुली लावल्याशिवाय काढू देऊ नयेत.

दादाचा अर्ज आम्ही फेब्रुवारीत दिला. अडचण पुराव्याची होती, कारण हजेरी कुठेच नव्हती. पण दर आठवड्याला मजुरी मोबाईलवर येत असे. त्या सर्व संदेशांची नक्कल नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतली, दवाखान्याचे कागद जोडले, गाडीचा क्रमांक ज्या पावतीवर होता ती पावती फार्महाऊसच्या माळ्याने शोधून दिली. काकूंनी आधी विरोध केला. अर्जावर पत्ता लिहिताना मात्र पिनकोड त्यांनीच सांगितला. तारीख अजून लागलेली नाही.

परवा आमच्या शेजारी बोअर झाली. रात्रभर धडधड चालू होती. दादा जेवून तिकडे गेला, मीही मागोमाग गेलो. पाइप धरणारा पोरगा अठरा-एकोणीसचा, हातात स्टीलचा कडा. दादाने त्याला बाजूला बोलावले, आपले बोट दाखवले, काही बोलला नाही. त्याची भाषा दादाला येत नव्हती. पोराने कडा काढून खिशात घातला. तीनशे वीस फुटांवर पाणी लागले, दीड इंच.